सहा महिने म्हणून सुरू झालेली सव्वीस वर्षं

मेकॅनिकलच्या पोरांना टेलर हे नाव दोनदा भेटतं. एकदा मेटल कटिंगच्या पेपरात, टूल लाइफच्या समीकरणात. दुसऱ्यांदा इंडस्ट्रियल मॅनेजमेंटमध्ये, हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या डोक्यावर उभा राहिलेला. दोन्हीकडे पाच-पाच मार्कांची टीप लिहायची आणि परीक्षा संपली की विसरायचं, ही आपली परंपरा! हे दोन्ही टेलर म्हणजे एकच माणूस, हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही.

मी त्याचं चरित्र वाचायला घेतलं ते आमच्या प्रोजेक्टच्या मशीनमुळे. टेबलावर मावेल एवढं छोटं सीएनसी मिलिंग मशीन. ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर ते फेस मारायचं तेव्हा अर्धा भाग आरशासारखा आणि उरलेल्या अर्ध्यावर खवले. कधी पायऱ्या, कधी लाटा. हॉस्टेलवर प्रत्येकाचं मत वेगळं. एक म्हणे स्पीड कमी कर, दुसरा म्हणे कटर बदल, तिसरा म्हणे मशीनच विकून टाका. या सगळ्या गोंधळाचं मूळ शोधणारा पहिला माणूस कोण, म्हणून वाचत गेलो आणि टेलरपाशी येऊन थांबलो.

फ्रेडरिक विन्स्लो टेलर 20 मार्च 1856 रोजी अमेरिकेत, फिलाडेल्फियातल्या जर्मनटाऊन भागात जन्मला. घर खाऊनपिऊन सुखी, वडील वकील. पोरानेही वकील व्हावं अशी घरची इच्छा. हार्वर्डची प्रवेश परीक्षा तो चांगल्या रीतीने पास झाला, पण डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि हार्वर्ड राहिलं. मग 1874 मध्ये या श्रीमंताघरच्या पोराने एका छोट्या पंपाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर आणि मशिनिस्ट म्हणून उमेदवारी धरली. 1878 मध्ये तो मिडव्हेल स्टील या कारखान्यात साधा मजूर म्हणून लागला. पुढे गँग बॉस, फोरमन आणि मग चीफ इंजिनिअर. नोकरी सांभाळून 1883 मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची मेकॅनिकलची पदवीही घेतली. मधल्या काळात, 1881 मध्ये, अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत क्लेरन्स क्लार्कबरोबर दुहेरीचं विजेतेपदही मिळवलं. ‘अभ्यासामुळे खेळायला वेळ मिळत नाही’ म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

फोरमन झाल्यावर त्याची खरी पंचाईत झाली. एका कामाला किती वेळ लागायला हवा, हे कामगारांना ठाऊक होतं, साहेबांना नव्हतं. कोणत्या धातूला कोणता स्पीड, किती फीड, किती खोल कट, हे सगळं जुन्या कारागिरांच्या हातात आणि कानात साठवलेलं. ते आकड्यात आणल्याशिवाय आपलं काही चालणार नाही, हे टेलरने ओळखलं. 1880 मध्ये त्याने मिडव्हेलचे प्रमुख विल्यम सेलर्स यांच्याकडे प्रयोगांची परवानगी मागितली. (हे तेच सेलर्स, ज्यांनी 1864 मध्ये अमेरिकेला 60 अंशांचा स्क्रू थ्रेड दिला.) काम सहा महिन्यांत आटपेल असा टेलरचा अंदाज होता. ते चाललं सव्वीस वर्षं!

66 इंच व्यासाच्या व्हर्टिकल बोरिंग मिलवर रेल्वे इंजिनाच्या चाकांची पोलादी टायर्स चढवायची आणि कापत राहायचं. का, तर त्या पोलादाचा कडकपणा सारखा असे. पद्धत एकच. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायचं. कटिंगवर परिणाम करणाऱ्या बारा गोष्टी त्याने वेगळ्या काढल्या. तीस ते पन्नास हजार प्रयोग झाले आणि आठ लाख पौंड, म्हणजे सुमारे 360 टन, लोखंड-पोलादाचा चिप्समध्ये चुरा झाला. कटवर पाण्याची जाड धार सोडली तर स्पीड तीस ते चाळीस टक्के वाढवता येतो, हे त्याच प्रयोगांतून निघालं. नंतर बेथलेहेम स्टीलमध्ये मॉन्सेल व्हाइट यांच्याबरोबर त्याने टंग्स्टन-क्रोमियमच्या टूल्सना जवळजवळ वितळण्याइतकी उष्णता देऊन पाहिली. एवढ्या तापवल्या की टूल वाया जातं, असा सर्वांचा समज. झालं उलटंच. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात लालबुंद झालेल्या टोकाने पोलाद कापणारं ते टूल पाहायला लोक गर्दी करत होते. आपण आज हायस्पीड स्टील म्हणतो ते हेच.

डिसेंबर 1906 मध्ये एएसएमईचा अध्यक्ष म्हणून त्याने हे सगळं एका प्रचंड मोठ्या निबंधात मांडलं. त्यात चॅटरवर, म्हणजे टूलच्या थरथरीवर लिहिताना मात्र हा आकड्यांचा राजा हात जोडतो. मशिनिस्टपुढच्या प्रश्नांमध्ये सगळ्यात गूढ आणि नाजूक प्रश्न हाच, अशी त्याची कबुली आहे. तरी त्याने उपाय दिलेच. टूलची धार गोलसर ठेवा, म्हणजे चिपची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि थरथरीला ताल सापडत नाही. टूल जाड ठेवा, कापणाऱ्या टोकाच्या जितकं जवळ धरता येईल तितकं धरा. थरथर नेमकी का वाढत जाते, याचं गणित पुढे 1950 च्या दशकात टोबियस, ट्लस्टी वगैरे मंडळींनी बसवलं.

आम्ही हीच वही-पद्धत आमच्या छोट्या मशीनवर लावली. कटर होल्डरबाहेर 30 मिमी होता, तो 20 मिमी केला. वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे ते एक तृतीयांशाहूनही कमी झालं. किंचाळणं थांबलं, खवले गेले. पायऱ्या मात्र राहिल्या. मग स्पिंडलला डायल इंडिकेटर बांधून तो टेबलावर गोल फिरवला, तर स्पिंडल एका बाजूला झुकलेला. पॅकिंग देऊन सरळ केल्यावर पायऱ्याही गेल्या. दोन दातांचा 6 मिमी कटर, 10,000 आरपीएम आणि मिनिटाला 600 मिमी फीड, म्हणजे दर दाताला 0.03 मिमी. याहून फारच कमी फीड दिला की दात कापायचं सोडून घासतो, आणि ॲल्युमिनियम धारेला चिकटून पृष्ठभाग फाटतो. त्यावर वर्कशॉपच्या मामांनी केरोसीनचे थेंब सोडायला सांगितले. हे मात्र कुठल्याच वहीत नव्हतं!

आणि टेलरची खरी शोकांतिका मला इथेच दिसते. धातूच्या बाबतीत बारा गोष्टी वेगळ्या काढणारा हा माणूस कामगाराच्या बाबतीत जवळजवळ एकच धरून चालला: पगार. जास्त पैसे द्या, सांगू तेवढंच आणि सांगू तसंच करून घ्या. कार्ल बार्थने बनवलेल्या स्लाइड रुलवर स्पीड-फीड झटकन निघू लागलं, पण त्याबरोबर कारागिराची अक्कल त्याच्याकडून काढून ऑफिसात गेली. ऑगस्ट 1911 मध्ये वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात स्टॉपवॉच लावताच मोल्डर काम टाकून बाहेर पडले. त्याच वर्षी टेलरचं सायंटिफिक मॅनेजमेंटवरचं प्रसिद्ध पुस्तक निघालं. जानेवारी 1912 मध्ये त्याला अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे दिवसचे दिवस प्रश्नांना तोंड द्यावं लागलं. आपण कामगारांचंही भलंच करतोय, असं तो मनापासून मानत होता, आणि ज्यांचं भलं करायचं तेच चिडले होते. 21 मार्च 1915 रोजी, एकोणसाठावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, न्यूमोनियाने तो गेला.

मित्रहो, टेलरला हिरो करायचं की व्हिलन, हा वाद मॅनेजमेंटच्या तासाला खुशाल घाला. मला त्याच्याकडून एक घ्यायचं आहे आणि एक सोडायचं आहे. घ्यायची ती वही: एका वेळी एकच बदल, आणि लगेच नोंद. सोडायचा तो गैरसमज, की वहीत उतरलं म्हणजे मामांची गरज संपली. आमचं मशीन आता बरं चालतं. वही लॅबच्या कपाटात ठेवली आहे, पुढच्या बॅचने ती पुढे चालवावी. केरोसीनची नोंद मामांच्या नावासकट केली आहे.