चार विमानांचे हवाई दल

मुलांनो, तुम्ही कधी दिल्लीस गेलात, तर पालम येथील हवाई दलाचे संग्रहालय अवश्य पाहा. संग्रहालय म्हटले की शांत दालने आणि काचेच्या कपाटांत मांडून ठेवलेल्या जुन्या वस्तू आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पालमचे संग्रहालय तसे नाही. १९६७ साली स्थापन झालेले हे संग्रहालय हवाई दलाच्या तळाला अगदी लागून आहे. एखादे जुने विमान न्याहाळीत तुम्ही उभे असावे आणि तेवढ्यात शेजारच्या धावपट्टीवरून नवे विमान गर्जना करीत आकाशात झेपावावे, असा अनुभव तेथे येतो. भिंतीच्या आत कालची विमाने विसावा घेतात. भिंतीच्या बाहेर आजची विमाने आपले काम करीत असतात.

येथील विमानांमध्ये ‘वापिटी’ नावाचे एक विमान आहे. त्याला एकावर एक असे दोन पंख आहेत. आत सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले कापड, असे त्याचे अंग. पुढे वैमानिक बसावयाचा आणि त्याच्या मागे बंदूक चालविणारा शिपाई. दोघांच्याही डोक्यावर छप्पर नाही. वारा, ऊन, थंडी सारे उघड्या तोंडाने सोसावयाचे. ताशी सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, एवढाच त्याचा वेग. १९३३ साली भारतीय हवाई दलाचे पहिले पथक उभे राहिले, तेव्हा त्याच्याजवळ अशी विमाने किती होती, ठाऊक आहे? अवघी चार!

या चार विमानांबरोबर जे मोजके भारतीय तरुण होते, त्यांपैकी एक पुढे भारताच्या साऱ्या हवाई दलाचा प्रमुख झाला. त्यांचे नाव सुब्रतो मुखर्जी.

सुब्रतो यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कलकत्ता येथे झाला. त्यांचे वडील सतीशचंद्र हे सरकारी सनदी सेवेत मोठे अधिकारी होते. आई चारुलता याही सुशिक्षित होत्या. चार भावंडांत सुब्रतो सर्वांत धाकटे. घरात विद्येचे वातावरण होते आणि मुलाने वडिलांप्रमाणे मोठ्या हुद्द्यावर जावे, यात कोणालाच नवल वाटले नसते. परंतु सुब्रतोंच्या आईच्या नात्यात एक विलक्षण तरुण होऊन गेला होता. इंद्रलाल रॉय हे त्याचे नाव. नात्याने तो सुब्रतोंचा मामा लागे. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१८ मध्ये, त्याने दोन आठवड्यांच्या आत शत्रूची दहा विमाने निकामी केली आणि त्याच महिन्यात लढता लढता आपला देह ठेवला. तेव्हा त्याचे वय विसाच्याही आत होते आणि सुब्रतो सात वर्षांचे होते. अशा घरातील मुलाचे डोळे आकाशाकडे लागले, तर त्यात आश्चर्य ते काय?

पण आकाशाची वाट सोपी नव्हती. त्या काळी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. भारतीय माणसाला यंत्रांतले काय कळते, विमानासारखी नाजूक आणि महागडी वस्तू त्याच्या स्वाधीन कशी करावी, अशी शंका अनेक इंग्रज अधिकारी उघडपणे बोलून दाखवीत. तरीही भारतीयांची मागणी वाढत गेली आणि सरकारला हवाई दलाचे दार थोडेसे किलकिले करावे लागले. इंग्लंडमध्ये क्रॅनवेल येथे हवाई दलाचे अधिकारी तयार करणारे एक महाविद्यालय आहे. तेथे १९३० साली काही निवडक भारतीय तरुणांना प्रवेश मिळाला. सुब्रतो हे त्यांपैकी एक होते. दोन वर्षांच्या कठोर शिक्षणानंतर, ८ ऑक्टोबर १९३२ रोजी, ते अधिकारी झाले. हाच दिवस भारतीय हवाई दलाचा स्थापनादिन म्हणून आजही पाळला जातो.

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथील तळावर हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. स्क्वॉड्रन म्हणजे विमानांचे पथक. या पथकात चार वापिटी विमाने, सहा भारतीय अधिकारी आणि एकोणीस हवाई सिपाही होते. या सहा अधिकाऱ्यांपैकी पाच वैमानिक होते. आरंभ लहान होता आणि संकटे मोठी होती. पाच वैमानिकांपैकी दोघे लवकरच विमानाच्या अपघातात मृत्यू पावले. एवढ्याशा पथकाला हा घाव जिव्हारी लागणारा होता. भारतीयांच्या हातून हे काम होणार नाही, असे म्हणणाऱ्यांना यामुळे निमित्तच मिळाले असते. उरलेल्यांनी खचून जाऊन काम सोडले असते, तर पुढचा सारा इतिहासच बदलला असता. सुब्रतो खचले नाहीत. रोजचे उड्डाण, रोजचा सराव आणि रोजची विमानाची निगा, हेच त्यांनी शंकेखोरांना दिलेले उत्तर होते.

पुढे या पथकाची नेमणूक वायव्य सरहद्दीवरील डोंगराळ मुलखात झाली. तेथील एक प्रसंग मोठा बोलका आहे. एकदा सुब्रतो विमानातून टेहळणी करीत असता त्यांना खाली आपल्या सैनिकांची एक चौकी दिसली. टोळीवाल्यांनी तिला चहूकडून वेढा घातला होता. चौकीजवळ बिनतारी संदेशयंत्र नव्हते. सैनिकांनी जमिनीवर पट्ट्यांच्या खुणा करून वर संदेश दिला, की आमचा दारूगोळा संपत आला आहे. सुब्रतो मोठ्या पेचात पडले. तळावर परत जाऊन मदत आणावी, तर तोवर चौकी पडण्याचे भय. विमानात तर दारूगोळ्याच्या पेट्या नव्हत्या. होती ती फक्त मागच्या बंदुकीची काडतुसे. ती तशीच खाली टाकली, तर खडकांत विखरून जाणार. सुब्रतोंनी क्षणात मार्ग काढला. त्यांनी मागच्या साथीदाराला बंदुकीतील काडतुसे काढून घ्यावयास सांगितले, ती पायमोज्यांत भरविली आणि विमान अगदी खाली आणून ते मोजे नेमके चौकीत टाकले. इतक्या खाली आलेले कापडी विमान म्हणजे शत्रूच्या बंदुकांना आयते लक्ष्यच. पण मिळालेल्या काडतुसांवर चौकीने टिकाव धरला आणि सैनिकांचे प्राण वाचले. प्रसंगावधान ही केवढी मोठी शक्ती आहे, हे त्या दिवशी दिसून आले.

मार्च १९३९ मध्ये सुब्रतो याच पहिल्या स्क्वॉड्रनचे नायक झाले. भारतीय अधिकाऱ्याच्या हाती पथकाची सूत्रे येण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी त्यांचा विवाह शारदा पंडित यांच्याशी झाला. शारदाबाई मराठी कुटुंबातील होत्या. पुढे १९६२ साली आपल्या रत्नागिरी मतदारसंघातून त्या लोकसभेवर निवडून आल्या.

इतक्यात दुसरे महायुद्ध पेटले. हवाई दल झपाट्याने वाढू लागले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वैमानिकांनी जपानी सैन्याशी झुंज दिली आणि त्यांच्या कर्तबगारीविषयीची शंका कायमची मिटली. ऑगस्ट १९४३ मध्ये कोहाट येथील संपूर्ण हवाई तळाचा कारभार सुब्रतोंकडे आला. पथक चालविणे वेगळे आणि तळ चालविणे वेगळे. तळावर धावपट्टी असते, दुरुस्तीचा कारखाना असतो, इंधनाचा साठा, रुग्णालय आणि शेकडो माणसांचा संसार असतो. एकही विमान वेळेवर उडावयाचे, तर हे सारे गाडे सुरळीत चालावे लागते. असा तळ सांभाळणारे सुब्रतो हे पहिलेच भारतीय होत.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. पण त्याबरोबर फाळणीही आली. विमाने, यंत्रे, माणसे या सर्वांची वाटणी झाली. कराची आणि कोहाट, जेथे सुब्रतोंनी उमेदीची वर्षे घालविली, ती ठिकाणे पाकिस्तानात गेली. ही घडी नीट बसते न बसते तोच काश्मीरवर आक्रमण झाले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून डाकोटा विमाने सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरली आणि ते शहर वाचले. नुकत्याच विभागल्या गेलेल्या दलाने हे काम करून दाखविले.

स्वतंत्र देशाच्या हवाई दलाचा प्रमुख भारतीय असावा, असे कोणालाही वाटेल. १९४९ च्या जानेवारीत भूसेनेला भारतीय सरसेनापती मिळाला. हवाई दलात मात्र तसे लगेच घडले नाही. याचे कारण समजून घेतले पाहिजे. भारतीय अधिकाऱ्यांतील ज्येष्ठ असलेल्या सुब्रतोंचीही सेवा स्वातंत्र्याच्या वेळी अवघी पंधरा वर्षांची होती. हवाई दल नवे, त्यातील यंत्रविद्या नवी आणि अनुभवी माणसे थोडी. म्हणून एकामागून एक तीन इंग्रज अधिकारी प्रमुखपदी राहिले. सुब्रतो त्यांच्या हाताखाली काम करीत राहिले. या काळात त्यांनी मानापमानाचा विचार मनात आणला नाही. जे शिकण्यासारखे होते, ते सारे शिकून घेतले. उच्च संरक्षणविद्येच्या अभ्यासासाठी ते पुन्हा इंग्लंडलाही गेले. पद मिळविणे आणि पद पेलणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

अखेर १ एप्रिल १९५४ हा दिवस उजाडला. चार कापडी विमानांचे पथक उभे राहिले, त्याला त्या दिवशी बरोबर एकवीस वर्षे पूर्ण झाली होती. त्याच दिवशी सुब्रतो मुखर्जी भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

पालमच्या संग्रहालयात वापिटीपासून पुढे चालत गेलात, तर त्यांच्या आयुष्याची जणू सारी पानेच उलटत जातात. हरिकेन आणि स्पिटफायर ही महायुद्धातील विमाने. त्यानंतर व्हॅम्पायर, १९४८ साली आपल्याकडे आलेले हे पहिले जेट विमान. आणि मग मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा, नॅट. ही चारही विमाने सुब्रतो प्रमुख असतानाच हवाई दलात दाखल झाली. हंटरचा वेग ताशी हजार किलोमीटरांहून अधिक होता! अशी विमाने विकत घेता येतात. पण ती चालविणारे वैमानिक आणि ती नीट राखणारे कारागीर विकत मिळत नाहीत. ते आपल्याच देशात घडवावे लागतात. ते घडविण्याचे काम सुब्रतोंनी निष्ठेने केले.

मुलांविषयी त्यांना मोठी आस्था होती. शाळेतील मुलांनी मैदानावर यावे, फुटबॉल खेळावा आणि त्यांतून देशाला चांगले खेळाडू मिळावेत, अशी त्यांची इच्छा होती. १९६० साली सुरू झालेली शालेय फुटबॉल स्पर्धा त्यांच्याच नावाने ‘सुब्रतो करंडक’ म्हणून प्रसिद्ध आहे.

त्याच वर्षी एअर इंडियाच्या विमानाने सुब्रतो टोकियो येथे गेले होते. ८ नोव्हेंबर १९६० रोजी तेथे भोजन करीत असता घास श्वासनलिकेत अडकला आणि काही क्षणांत त्यांचे प्राण गेले. सरहद्दीवरील गोळीबारातून जे सुखरूप परतले, त्यांना मृत्यूने असे अकल्पितपणे गाठले. त्यांचा देह विमानाने पालम येथे आणण्यात आला. दिल्लीत लष्करी इतमामाने त्यांचा अंत्यविधी झाला. त्या वेळी हवाई दलाच्या एकोणपन्नास विमानांनी आकाशातून त्यांना वंदना दिली; त्यांच्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षासाठी एक विमान. चार विमानांपासून आरंभ केलेल्या पुरुषाला यापेक्षा शोभणारा निरोप कोणता असू शकेल?

पालमला गेलात, तर त्या दोन पंखांच्या जुन्या विमानापुढे क्षणभर उभे राहा. तेवढ्यात बाहेरून एखाद्या विमानाची गर्जना ऐकू आली, तर दचकू नका. ज्या कामाचा आरंभ या कापडी पंखांनी केला, तेच काम आकाशात अजून चालू आहे.