ना डिग्री, ना कॉलेज. तरी पुठ्ठे कापून या बाईंनी चौथी मिती उलगडून दाखवली

लांबी, रुंदी आणि उंची. आपलं सगळं जग या तीन मितींत बसतं. चौथी मिती असलेला आकार डोळ्यांसमोर आणा म्हटलं, तर भलेभले हात टेकतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधली एक गृहिणी घरी बसून पुठ्ठ्याच्या मदतीने हे करत होती. त्यांचं नाव अ‍ॅलिसिया बूल स्टॉट.

आडनाव ओळखीचं वाटतंय ना? कॉम्प्युटर ज्या बूलियन लॉजिकवर चालतो, त्याचा पाया घालणारे जॉर्ज बूल हे त्यांचे वडील. आणि माउंट एव्हरेस्टला ज्यांचं नाव दिलं, ते भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट हे त्यांच्या आईचे काका.

नाव मोठं होतं, पण घरात पैसा नव्हता. अ‍ॅलिसिया यांचा जन्म ८ जून १८६० चा, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातला. त्या चार वर्षांच्या असतानाच वडील गेले. आईच्या पदरात पाच मुली. काही वर्षं नातेवाईकांकडे राहून अ‍ॅलिसिया लंडनला आईकडे आल्या. भूमितीचं शिक्षण जेमतेम झालं. कॉलेजचा तर प्रश्नच आला नाही.

अशा घरात चार्ल्स हॉवर्ड हिंटन यांचं येणं-जाणं सुरू झालं. हे पुढे त्यांचे मेहुणे झाले. चौथ्या मितीच्या घनाला ‘टेसरॅक्ट’ हे नाव देणारे तेच. रंगीत लाकडी ठोकळे रचून ते मुलींना चौथी मिती समजावत. अ‍ॅलिसिया यांना ती अशी समजली की त्या थोड्याच दिवसांत हिंटन यांच्याही पुढे गेल्या.

पण न दिसणारा आकार समजतो कसा?

लिंबाच्या चकत्या आठवा. पहिली छोटी, मधली मोठी, शेवटची पुन्हा छोटी. अख्खं लिंबू न बघताही चकत्यांवरून त्याचा आकार कळतो. लिंबाला तीन मिती, चकती मात्र सपाट. तसंच चार मितींच्या आकाराची ‘चकती’ तीन मितींची निघते, आणि ती पुठ्ठ्याची बनवून हातात धरता येते. अ‍ॅलिसिया यांनी अशा चकत्यांची अख्खी मालिकाच तयार केली.

त्यातून त्यांना कळलं की तीन मितींत नियमित घनाकार पाचच असले, तरी चौथ्या मितीत ते सहा असतात. त्यातला सर्वांत मोठा ६०० चतुष्फलकांनी बनलेला. पाचव्या मितीपासून पुढे मात्र प्रत्येक मितीत फक्त तीन. स्विस गणितज्ञ लुडविग श्लेफ्ली यांनी हे सहा आकार आधीच शोधले होते, पण त्यांचा पूर्ण ग्रंथ छापून आला १९०१ मध्ये. अ‍ॅलिसिया यांना त्याचा पत्ताच नव्हता.

१८९० मध्ये त्यांचं लग्न विम्याचे हिशेब मांडणारे वॉल्टर स्टॉट यांच्याशी झालं. दोन मुलं, संसार, आणि फावल्या वेळात पुठ्ठे. हे काम कदाचित घरातच राहिलं असतं. पण डच प्राध्यापक पीटर स्खाउटे यांचा याच विषयावरचा लेख नवऱ्याने त्यांच्या नजरेस आणून दिला. त्यांनी आपल्या मॉडेल्सचे फोटो स्खाउटे यांना पाठवले. जे प्राध्यापकांनी समीकरणांनी काढलं होतं, ते या बाईंनी पुठ्ठ्यात बनवलं होतं!

स्खाउटे सुट्टीत इंग्लंडला येऊ लागले. त्यांच्या आग्रहामुळे अ‍ॅलिसिया यांचे निबंध १९०० आणि १९१० मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापून आले. १९१३ मध्ये स्खाउटे गेले. पुढच्याच वर्षी ग्रोनिंगेन विद्यापीठाने अ‍ॅलिसिया यांना मानद डॉक्टरेट दिली. पण जोडीदार गेल्यावर कामही थांबलं.

ते पुन्हा सुरू झालं १९३० मध्ये, वयाच्या सत्तरीत. भाच्याने तरुण गणितज्ञ डोनाल्ड कॉक्सेटर यांच्याशी ओळख करून दिली आणि दोघांची गट्टी जमली. हेच कॉक्सेटर पुढे विसाव्या शतकातले मोठे भूमितीतज्ज्ञ ठरले आणि त्यांनी अ‍ॅलिसिया यांचं काम जगापुढे ठेवलं.

१७ डिसेंबर १९४० ला अ‍ॅलिसिया गेल्या. त्यांची पुठ्ठ्याची मॉडेल्स ग्रोनिंगेन आणि केंब्रिजमध्ये आजही जपून ठेवली आहेत.