टर्बोवाला मॉस

मित्रमैत्रिणींनो, ‘टर्बो’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! मेसमध्ये ताट पाच मिनिटांत संपवणारा टर्बो, सगळी जर्नल्स एका रात्रीत पूर्ण करणारी मुलगी टर्बो. मेकॅनिकलच्या मुलांच्या तोंडी तर हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. पण या टर्बोसाठी ज्याने आयुष्य घातलं, त्या सॅनफर्ड मॉसबद्दल विचारा, सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. विमानांच्या इतिहासात हे नाव मोठं आहे. आपल्याकडे मात्र टर्बो पोचला आणि मॉस वाटेतच राहिला. म्हणून हा लेख. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत लिहिताना मध्येमध्ये इंग्रजी शब्द डोकावतील, तेवढं सांभाळून घ्या.

मॉसचा जन्म १८७२ सालचा, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोमधला. आपण बारावी आणि एन्ट्रन्सच्या टेन्शनमध्ये असतो त्या वयात हा एका मशीनशॉपमध्ये अ‍ॅप्रेंटिस होता. तिथे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांचं काम चालायचं. दाबलेल्या हवेतच इंधन जाळलं तर तिच्यातून कितीतरी जास्त काम काढता येईल, ही कल्पना त्याच्या डोक्यात तिथेच शिरली आणि शेवटपर्यंत बाहेर पडली नाही. चार वर्षं हात काळे केल्यावर तो बर्कलीला कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत गेला. १८९६ मध्ये पदवी, १९०० मध्ये मास्टर्स. मग पीएच.डी.साठी कॉर्नेल.

थिसिसचा विषय अर्थातच डोक्यात बसलेलं ते भूत, म्हणजे गॅस टर्बाइन. हवा दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि तो गरम वायू टर्बाइनच्या चाकावर सोडायचा. मॉसने यंत्र उभं केलं, चाक फिरलंसुद्धा. पण हिशोब जमेना. हवा दाबायला जेवढी पॉवर लागत होती, तेवढीही चाकातून परत मिळत नव्हती. म्हणजे शंभर रुपये खर्च करून साठ कमवायचे, असला धंदा! तरी १९०३ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली आणि त्याच कामाच्या जोरावर जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या लिन गावच्या कारखान्यात नोकरीही लागली. तिथे त्याने पुन्हा तेच यंत्र हाती घेतलं. पुन्हा तोच निकाल. इंधन भरमसाट खायचं आणि हातात काही यायचं नाही. १९०७ मध्ये कंपनीने ते संशोधन बंद केलं.

या जागी आपल्यापैकी कुणी असतं तर? मॉस पस्तिशीचा होता. अ‍ॅप्रेंटिस असल्यापासून जपलेली कल्पना फाइलमध्ये गेली होती. त्याने नोकरी सोडली नाही आणि रडतही बसला नाही. त्याच्या यंत्राचं निम्मं अंग म्हणजे कॉम्प्रेसर. कारखान्यांना, भट्ट्यांना दाबाची हवा लागतेच. मॉस सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर बनवण्याच्या कामाला लागला आणि पुढची दहा वर्षं त्यांची एफिशियन्सी वाढवत बसला. वरवर पाहिलं तर हे कंटाळवाणं काम. पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहणार होतं.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तेव्हाच्या विमानांची एक मोठी अडचण होती. वर जावं तशी हवा विरळ होते, सिलिंडरमध्ये कमी हवा जाते आणि इंजिन धापा टाकायला लागतं. बुलेट घेऊन लडाखला जाऊन आलेल्या आपल्या सिनिअर्सना हे वेगळं सांगायला नको. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूकीने १९०५ मध्येच एक कल्पना पेटंट केली होती. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर टर्बाइन फिरवायचं आणि त्याच टर्बाइनने कॉम्प्रेसर फिरवून इंजिनात हवा कोंबायची. फ्रान्समध्ये प्राध्यापक रातो विमानाच्या इंजिनावर हेच करून पाहत होते. अमेरिकेच्या विमानविद्या समितीचे त्या वेळचे अध्यक्ष विल्यम ड्युरांड पूर्वी कॉर्नेलला प्रोफेसर होते. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर दोन्हींत मुरलेला आपला जुना विद्यार्थी त्यांना आठवला आणि काम मॉसकडे आलं.

मॉसच्या नापास यंत्राचे दोन्ही भाग यात तसेच्या तसे होते, फक्त पास व्हायची अट बदलली होती. पूर्वी टर्बाइनने कॉम्प्रेसर फिरवून वर उरलेली पॉवर द्यायला हवी होती. आता पॉवर देणार होतं पिस्टन इंजिन. टर्बाइनने फक्त कॉम्प्रेसर फिरवायचा, आणि तोही फुकट जाणाऱ्या वायूवर.

यंत्र तयार झालं, पण ते उंचीवर चालेल हे सिद्ध कसं करायचं? गणित कागदावर होतं. थेट विमानावर बसवणं म्हणजे पायलटच्या जिवाशी खेळ, शिवाय हवेत नीट मोजमाप घेणार कोण? मॉसने ठरवलं की इंजिनलाच डोंगरावर न्यायचं. कोलोराडोमध्ये पाइक्स पीक नावाचा डोंगर आहे, उंची सुमारे १४,१०० फूट. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटींहून जास्त. तिथल्या वळणावळणांच्या रस्त्यावर १९१६ पासून मोटारींची शर्यत होते. १९१८ मध्ये युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत, बारा सिलिंडरचं लिबर्टी इंजिन, मोजमापाची उपकरणं आणि टर्बो असं सगळं लटांबर एका ट्रकवर चढवून त्या शिखरावर नेलं गेलं. तिथे थंडीवाऱ्यात आठवडेच्या आठवडे चाचण्या चालल्या.

आकडे असे आहेत. खाली मैदानात त्या इंजिनाने ३५० हॉर्सपॉवर दिली होती. शिखरावर टर्बोशिवाय मिळाली २३०. टर्बो जोडल्यावर ३५६! मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. २३० भागिले ३५० म्हणजे सुमारे ०.६६. त्या उंचीवर हवेची घनतासुद्धा समुद्रसपाटीच्या जवळजवळ तेवढीच, ०.६५ च्या आसपास भरते. इंजिनाने गमावली होती ती फक्त हवा, आणि मॉसने ती परत मिळवून दिली. थर्मोच्या पेपरमध्ये हे वाक्य मला कधी इतकं पटलं नव्हतं.

पण नशीब बघा. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धच संपलं आणि टर्बो लढाईत उतरलाच नाही. काम पुढे चालू राहिलं ते विमानांच्या चाचण्यांवर. २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर श्रोडर हा पायलट मॉसचा टर्बो लावलेलं विमान घेऊन ३३,००० फुटांच्या वर गेला. तो विक्रम होता. तिथे त्याचा ऑक्सिजन संपला, तो बेशुद्ध पडला आणि विमान मैलोन् मैल खाली कोसळत आलं. जमिनीच्या काही हजार फुटांवर तो भानावर आला आणि डोळे थंडीने गोठलेले असताना विमान उतरवलं. इंजिन दमलं नव्हतं, दमला होता माणूस.

आता हे सगळं आजच का लिहिते आहे, ते सांगते. आमच्या वर्गातल्या एका मित्राच्या घरी जुनी टर्बो डिझेल पिकअप आहे. पहाटे भाजी भरून घाट चढणं हे तिचं रोजचं काम. तिचं इंजिन खोलायचं आहे, तर सोबत पॉवरही वाढवून घेऊ, असं त्याच्या डोक्यात आहे. गेले काही दिवस हॉस्टेलमध्ये त्याचीच चर्चा चालते आणि दर वेळी सुरुवात होते ती ‘मोठा टर्बो टाकू’ इथून. मॉस वाचल्यावर मला वाटतं, सुरुवात हवेच्या हिशोबापासून करावी.

समजा इनटेकचा दाब दुप्पट केला. हवा दुप्पट गेली का? नाही. ३० अंशाची हवा ७० टक्के एफिशियन्सीच्या कॉम्प्रेसरमधून गेली की बाहेर पडते जवळजवळ १२५ अंशाला. गरम हवा पसरते, म्हणून घनता वाढते फक्त दीड पट. तीच हवा इंटरकूलरमधून ५० अंशापर्यंत आणली तर घनता १.९ पटीच्या जवळ जाते. म्हणजे मोठ्या टर्बोइतकाच चांगला इंटरकूलर महत्त्वाचा. मॉसच्या टर्बोवर पुढे जी मोठी विमानं उडाली, त्यांतही इंटरकूलर होताच.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ३५६ हा आकडा पुन्हा बघा. मॉसने डोंगरावर ५०० हॉर्सपॉवर काढायचा मोह धरला नाही. मैदानात इंजिनाला जेवढी हवा मिळते, तेवढीच त्याने वर दिली. त्यामुळे पिस्टन, रॉड, बेअरिंग यांच्यावर नेहमीपेक्षा जास्त भार पडला नाही. आपण पिकअपमध्ये करायला निघालोय ते याच्या पुढचं. वातावरणाच्या दुप्पट-अडीच पट दाब द्यायचा म्हणजे सिलिंडरमधला दाबही त्या मानाने चढणार. मग हेड गॅस्केट धरेल का, हेडचे बोल्ट ताणले जातील का, कनेक्टिंग रॉड किती सोसेल, कॉम्प्रेशन रेशो कमी करायचा का, हे सगळं इंजिन उघडं असतानाच ठरवावं लागेल. पंपाची सेटिंग वाढवून नुसतं डिझेल ओतलं तर धूर निघेल आणि एक्झॉस्टचं तापमान वाढून टर्बाइन आणि पिस्टन जळतील. म्हणून एक्झॉस्टला तापमानाचं मीटर आधी, डिझेल नंतर. आणि शेवटी चाचणी. ती भाजी भरलेल्या गाडीत, घाटात आणि मे महिन्यात झाली पाहिजे. कारण पिकअप घाटात बंद पडली तर त्या घराचा दिवस बुडतो.

उष्णतेने मॉसलाही वर्षानुवर्षं छळलं. लालबुंद वायूत मिनिटाला हजारो फेरे घेणारी टर्बाइनची ब्लेड्स टिकेनात. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यासाठी जो मिश्रधातू कामी आला, तो मुळात दातांच्या डॉक्टरांसाठी बनलेला होता! १९३८ मध्ये मॉस रिटायर झाला, पण युद्धाची चिन्हं दिसताच कंपनीने त्याला परत बोलावलं. बी-१७, पी-३८, पी-४७ ही नावाजलेली विमानं टर्बो घेऊन उडाली. १९४० सालची कॉलियर ट्रॉफी, म्हणजे अमेरिकेतला विमानविद्येचा मोठा मान, हवाई दलाबरोबर मॉसला मिळाली.

आणि १९४१ मध्ये ब्रिटनच्या फ्रँक व्हिटलचं जेट इंजिन अमेरिकेत बनवायचं ठरलं, तेव्हा ते काम कुठे गेलं? लिनच्या कारखान्यात. कारण गरम वायूत फिरणारं टर्बाइन आणि वेगवान कॉम्प्रेसर एका शाफ्टवर चालवायची सवय तिथल्याच लोकांना होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये अमेरिकेचं पहिलं जेट विमान त्या इंजिनांवर उडालं. जेट इंजिन म्हणजे गॅस टर्बाइनच. हवा दाबा, इंधन जाळा, चाक फिरवा. १९०३ च्या थिसिसमध्ये जे उरत नव्हतं, ते आता विमान उडवण्याइतकं उरत होतं. १९४६ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी मॉस गेला, तो हे सगळं पाहून गेला.

दोस्तांनो, लवकरच आपल्यापुढे प्रोजेक्ट येईल. कुणाचं मॉडेल चालेल, कुणाचं व्हायवाच्या दिवशी रुसेल. ज्याचं रुसेल त्याने ते भंगारात टाकायच्या आधी एकदा पाहावं की त्यातला कोणता भाग नीट चालतोय. तो दुसऱ्या कशाला तरी जोडता येईल. आणि ज्याचं चालेल, त्याने ते लॅबच्या बाहेर, अवघड जागी नेऊन चालवून पाहावं. मॉसने दोन्ही केलं.