लक्ष्मीबाई टिळक : संसार आणि सवड

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांनी कोणती कार्ये केली, हे आपण आवडीने पाहतो. त्यांच्या घरी दळण कोणी दळले व पाणी कोणी भरले, याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. संसार करून ग्रंथ लिहिणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. तिच्या चरित्रात वेळ कोठून आला, हीच मुख्य गोष्ट असते. म्हणून कै. लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र या एका दृष्टीने आमच्या वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाची कितीतरी वर्षे आपल्याच अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गेली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थास फाशी झाली. त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनात सोवळ्याचे विलक्षण वेड शिरले. बाजारातून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यावयाची नाही, असा त्यांचा दंडक होता. धुण्यासाठी पाणी हवे, आणि पाणी आणणाऱ्या व धुणाऱ्या स्त्रियाच. घरातील बायकांचा दिवस अशा श्रमांत खर्ची पडे की, त्यांपासून कोणाचे पोट भरत नसे व कोणाचे आरोग्यही सुधारत नसे. निष्कारण काम म्हणजे काय, याचा हा धडा लक्ष्मीबाईंना बाळपणीच मिळाला.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक मोठे कवी. परंतु पैसा त्यांच्या हाती ठरत नसे, आणि एका गावी त्यांचे मनही फार दिवस रमत नसे. पुनःपुन्हा बिऱ्हाड मोडावे आणि पुनःपुन्हा मांडावे, मिळेल त्यात भागवावे, हा भार पत्नीवर पडला. नगरास सिंथिया फॅरार बाई १८३९ पासून मुलींच्या शिक्षणासाठी झटत होत्या, तरी लक्ष्मीबाईंच्या नशिबी शाळा नव्हती. पतीने घरीच दिलेल्या धड्यांवर त्या वाचावयास शिकल्या.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. त्यानंतर काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे पुत्र देवदत्त यास घेऊन लक्ष्मीबाई नगरकडे आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. एकाच घरात आपले पाणी निराळे व स्वयंपाक निराळा, असा क्रम त्यांनी काही काळ चालविला. म्हणजे एका संसारात दोन संसारांचे श्रम! अखेर हे भेद माणसांनीच केलेले आहेत, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी ते विचारपूर्वक टाकून दिले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही घटना धर्माच्या इतिहासात नोंदली जाते. आम्ही येथे तिची दुसरी बाजू दाखवू इच्छितो. ज्या दिवशी दुसऱ्याच्या हातचे पाणी चालू लागले, त्या दिवशी दुसऱ्याचे हातही मदतीस येऊ शकले.

आणि मदतीची गरज तर मोठीच होती. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला, आणि टिळकांच्या घरात निराधार मुलांची भर पडली. त्या काळचे राहुरी किंवा नगर डोळ्यांपुढे आणावे. नळ नाही, गिरणी नाही. जात्यावर दळण, विहिरीचे पाणी, सरपणाची चूल, राखेने भांडी आणि शेणाचे सारवण. इतक्या तोंडांसाठी भाकऱ्या थापता थापताच बाईचा दिवस मावळावयाचा. तरीही लक्ष्मीबाईंनी कविता रचल्या, लोकसेवा केली, वसतिगृहात मेट्रनचे काम केले, आणि तारा या मानलेल्या कन्येसही आईची माया दिली.

१९१९ साली टिळक निवर्तले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेची पायरीही न चढलेल्या या बाईंनी त्याचे साठांहून अधिक अध्याय रचून ते सिद्धीस नेले. पुत्राच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. साधी, खेळकर आणि निर्भीड अशी ती भाषा मराठीचे भूषण ठरली. परंतु येथे एका गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. त्या वेळी लक्ष्मीबाईंचे वय ६६ वर्षांचे होते, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले. असा ग्रंथ लिहिण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी पूर्वीही असलेच पाहिजे. पण त्याला मोकळी सवड मिळाली ती आयुष्याच्या अगदी सायंकाळी. ती वीस वर्षे आधी मिळती, तर मराठीला आणखी काय लाभले असते, या विचाराने आमच्या मनाला चुटपुट लागते.

आज दळण गिरणीत जाते, पाणी पुष्कळ घरी नळाने येते आणि चुलीच्या जागी गॅस आला आहे. तथापि नोकरी करून संसार सांभाळणाऱ्या मातेस अद्यापही सवड सापडत नाही, हे आपण घरोघर पाहतो. यंत्राने श्रम कमी होतात. परंतु कोणते काम मुळातच अनावश्यक आहे, हे यंत्र सांगत नाही, आणि उरलेले काम घरातील सर्वांमध्ये वाटूनही देत नाही. हा विचार माणसांनीच करावयाचा असतो. पालकांनी रिवाज म्हणून चाललेल्या कामांची एकदा छाननी करावी. विद्यार्थ्यांनी आपले ताट आपण घासावे, आपले अंथरूण आपण काढावे आणि आपले कपडे आपण धुवावे. मुलगा व मुलगी हा भेद त्यात नसावा. अशाने आईचा एखादा तास वाचला, तर तो तिच्यापाशीच राहू द्यावा. त्यावर दुसरे काम लादू नये. त्या तासात ती काय करील, हे तिचे तिने ठरवावे.