सावित्रीमाईंचे दुसरे दार



सावित्रीमाईंचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे १८४८ ची भिडेवाड्यातील शाळा उभी राहते. अंगावर शेण-चिखल झेलीत शाळेला निघालेली माउली उभी राहते. दर ३ जानेवारीला आपण विहारात हेच सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. त्या शाळेचे ऋण नसते तर माझ्यासारख्याच्या घरात पदवी कुठली येणार? परंतु माईंनी दुसरेही एक दार उघडले होते. त्याविषयी आपण फार थोडे बोलतो.

तो काळ ध्यानात घ्या. १८५६ साली विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला, पण तो कागदावरच राहिला. ब्राह्मणाघरची पोर आठव्या-दहाव्या वर्षी विधवा झाली की तिचे केस उतरवीत आणि जन्मभर तिला माजघराच्या अंधारात ठेवीत. मग घरातलाच कुणी तिच्या असहायतेचा फायदा घेई. दिवस राहिले की तो नामानिराळा, आणि पाप सगळे तिच्या पदरात! तिने विहीर जवळ करावी, नाही तर पोटच्या जिवाचा गळा दाबावा. जोतिरावांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या काशीबाई नावाच्या विधवेने आपले मूल असेच मारले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिला फसविणारा मात्र मोकळा राहिला.

फुले पतिपत्नींनी १८६३ साली पुण्यात, जुन्या गंजातील आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा जाहिराती रस्त्यांच्या कोपऱ्यांवर आणि तीर्थक्षेत्रीही लावल्या. मूल कोणाचे, हा प्रश्न त्या दारात नव्हता. आणि येणाऱ्या कोण होत्या? ज्यांनी माईंवर शेण फेकले, त्यांच्याच समाजाच्या लेकी! माळ्याच्या घरी त्या बाळंतपणाला येत आणि माई त्यांचे सारे करीत.

१८८४ पर्यंत अशा पस्तीस स्त्रिया आल्या. जोतिरावांनी तसे लिहून ठेवले आहे. त्यांतली पाचच मुले जगली होती. काही बाळे पोटातच इजा होऊन दगावली, कारण गर्भ लपविण्यासाठी आयांनी विषारी औषधे घेतलेली असत. त्या आयांना अपराधी ठरविणे किती सोपे होते! पण माईंच्या लेखी त्या घाबरलेल्या, एकट्या पडलेल्या लेकी होत्या.

आता आपल्याकडे या. आमच्या हातखंब्याच्या तिठ्यावरून किती पुरुष पोटासाठी मुंबईला गेले! मागे वाडीत बायका राहिल्या. पूर्वी त्या मनीऑर्डरची वाट पाहत, आता फोनवर पैसे येतात. एखादीला कित्येक महिने तेही येत नाहीत. ती कुणाशी दोन शब्द बोलली, कुणाकडून उसने आणले, की कुजबुज सुरू. मग हळदीकुंकवाचे सोडाच, ते आपण सोडले. पण विहारातल्या सतरंजीवरही तिच्या शेजारची जागा रिकामी राहते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ धरला गेला, त्यांच्या वाडीत हे व्हावे? पंचशील आपण रोज म्हणतो. पण ते स्वतः घ्यायचे असते, शेजारणीच्या मापाला लावायचे नसते. तिच्या घरी चूल पेटली का, एवढे तरी विचारा.

माईंनी तर नुसते विचारले नाही. १८७४ साली अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केले. विधवेचा मुलगा म्हणून त्याला कोणी मुलगी देईना. अखेर सत्यशोधक ज्ञानोबा ससाणे यांनी आपली मुलगी दिली आणि १८८९ साली लग्न झाले. १८९० च्या नोव्हेंबरात जोतिराव गेले. अंत्ययात्रेत यशवंताच्या हक्कावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा माई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. लोक आजारी माणसाला टाकून पळत होते. यशवंताने गावाबाहेर ससाण्यांच्या मळ्यावर दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा तापाने पडला आहे, हे कळताच सहासष्ट वर्षांच्या माई तिथे गेल्या, त्याला पाठीशी बांधले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. माईंना मात्र प्लेगची लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.