डॉ. आनंदीबाई जोशी : प्रवेशाआधीची पाच वर्षे

दहावीचा निकाल लागला की आपल्या भागातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. सायन्सला जायचे का? पीयूसी बेळगावात करायची, निपाणीतच राहायचे, की कोल्हापूरला जाऊन बारावी करायची? नीटचा क्लास कुठला लावायचा? डॉक्टर व्हायचे असेल तर कर्नाटकातल्या जागांसाठी कोणते दाखले लागतात, महाराष्ट्रात सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी ज्या थोड्या जागा राखीव असतात त्यांना कोणते कागद लागतात, याची चौकशी करता करता पालकांच्या चपला झिजतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना आणखी एक धास्ती असते, ती इंग्रजीची.

म्हणून या अंकात डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी लिहायचे ठरवले. त्यांचे नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. काहींनी श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी वाचली असेल, काहींनी २०१९ साली आलेला चित्रपट पाहिला असेल. पण आनंदीबाई अमेरिकेत डॉक्टर झाल्या एवढेच आपल्या लक्षात राहते. त्या कॉलेजात प्रवेश मिळेपर्यंत त्यांनी काय केले, हा भाग मागे पडतो. त्यातला एक महत्त्वाचा धागा तर आपल्या शेजारच्या कोल्हापुरात आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणच्या जोशांचे, माहेरचे नाव यमुना. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. गोपाळराव विधुर होते, बायकोपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे, आणि टपाल खात्यात नोकरीला. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास होता. त्या काळी बायको शिकते म्हणून नवऱ्याला हसत असत. इथे बायको अभ्यास करत नाही म्हणून नवरा चिडत असे.

हे चिडणे साधे नव्हते, हेही सांगायला हवे. दहा वर्षांच्या मुलीला लाकडाने मारणे, अंगावर पुस्तके आणि खुर्च्या फेकणे, पुढे टाकून जाण्याची धमकी देणे, असे सगळे त्या घरात झाले. आनंदीबाईंनी स्वतःच पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात याची आठवण करून दिली आहे. पण त्याच पत्रव्यवहारात आपल्याला शिकवल्याबद्दल त्या नवऱ्याचे ऋणही मानतात. अनेक लेखांत गोपाळरावांना एक तर देव केलेले असते नाही तर राक्षस. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवाव्यात. मारल्याने अभ्यास होतो असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आनंदीबाईंना अभ्यासाची खरी ओढ लागली ती वेगळ्याच कारणाने.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, असे त्यांना वाटत राहिले. बाळंतपणात आणि बायकांच्या दुखण्यात पुरुष डॉक्टरला बोलवायचे नाही, बाई डॉक्टर तर जवळपास नाहीच, अशी तेव्हाची स्थिती. आपणच डॉक्टर व्हायचे, हा विचार तिथून पक्का होत गेला.

गोपाळरावांच्या बदल्या सतत होत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर. (हे श्रीरामपूर म्हणजे बंगालमधले, हुगळी नदीकाठचे सेरामपूर, नगर जिल्ह्यातले नव्हे.) दर थोड्या दिवसांनी नवे गाव, नवी भाषा. शाळा अशी सलग मिळालीच नाही. मुंबईत काही काळ त्या मिशनरी शाळेत जात. पुस्तके हातात घेऊन रस्त्याने चालणारी ब्राह्मणाची सून पाहून लोक हसत, नावे ठेवत. बाकीचा अभ्यास घरीच, नवऱ्याकडून आणि पुस्तकांतून. आजच्या भाषेत सांगायचे तर ना क्लास, ना टेस्ट सिरीज, ना बरोबरीची एखादी मैत्रीण.

आता कोल्हापूरचा धागा. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात बरीच वर्षे होते. पुढे ते मायदेशी परतले आणि प्रिन्स्टन येथे मिशनरी रिव्ह्यू हे मासिक चालवू लागले. १८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुरातून त्यांना पत्र लिहिले. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, तिथे मला काही काम मिळेल का, अशी विचारणा होती. वाइल्डरनी ते पत्र आपल्या उत्तरासह मासिकात छापले. उत्तराचा रोख असा, की जोशी दांपत्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा. ते दोघांनाही मान्य नव्हते. म्हणजे पहिलाच अर्ज अटीवर अडला. बहुतेकांनी तिथेच नाद सोडला असता.

पण छापलेला कागद कुठे कुठे फिरेल, याचा नेम नसतो. १८८० साली न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला मासिकाचा जुना अंक त्यांनी चाळला आणि हे पत्र त्यांच्या वाचनात आले. शिकण्यासाठी एवढी धडपड करणाऱ्या मुलीला मदत करावी असे त्यांना वाटले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवले, आपल्या घरी येऊन राहण्याचे निमंत्रणही दिले. या दोघींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते. तरी तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

मला तर वाटते, आनंदीबाईंची प्रवेशाची खरी तयारी या पत्रांतून झाली. इंग्रजीत आपले म्हणणे नीट मांडायचे, परक्या देशातल्या बाईला आपले सण, आपले देवधर्म, बायकांची स्थिती, बालविवाह समजावून सांगायचा, तिच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, पटले नाही तर तसे सांगायचे. पत्र बोटीने जाणार, उत्तर यायला आठवडेच्या आठवडे लागणार. तोवर पुढचे वाचन. व्याकरण घोकून इंग्रजी येते, पण असे कोणाला तरी मनापासून लिहिल्याशिवाय त्यात जीव येत नाही. आपल्या शाळेतल्या मुलांनी या गोष्टीकडे जरा लक्ष द्यावे.

तब्येत मात्र साथ देत नव्हती. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनच चक्कर. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेतून औषधे पाठवली, पण फारसा गुण आला नाही. गोपाळरावांना नोकरी आणि पैसा यामुळे बरोबर जाता येईना. शेवटी त्यांनीच ठरवले, की आनंदीबाईंनी एकटीने पुढे जावे. अठरा वर्षांची, सारखी आजारी पडणारी मुलगी, एकटी, समुद्रापार! कलकत्त्यात थॉर्बर्न नावाचे डॉक्टर दांपत्य होते. त्यांनी फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनिया या संस्थेकडे अर्ज करण्याचे सुचवले. १८५० साली स्थापन झालेले हे कॉलेज खास स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी होते.

जाण्याची बातमी फुटताच टीका सुरू झाली. समुद्र ओलांडला की जात गेली, असे मानणारा तो काळ. दुसरीकडे, ख्रिस्ती झाल्याशिवाय हे जमायचे नाही असे म्हणणारेही होते. तेव्हा आनंदीबाईंनी लोकांसमोर बोलायचे ठरवले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. (या सेरामपूरशी मराठीचेही जुने नाते आहे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली तिथेच छापले गेले.)

त्या भाषणाची बांधणी पाहण्यासारखी आहे. लोक आपल्याला जे सहा प्रश्न विचारतात तेच त्यांनी घेतले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? तिथे काही संकट आले तर? आणि जे कोणा बाईने केले नाही ते तुम्हीच का करावे? इथल्या सोयींबद्दल त्यांनी मोघम तक्रार केली नाही. मद्रासला कॉलेज आहे, इतर ठिकाणी सुईणींचे वर्ग आहेत, पण ते शिक्षण अपुरे आहे आणि शिकवणाऱ्यांची वृत्ती बायकांना पुढे येऊ देणारी नाही, असे मुद्द्याला धरून सांगितले. मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, खाणेपिणे आणि पोशाखही बदलणार नाही, असेही जाहीर केले. या भाषणाची वर्तमानपत्रांतून चर्चा झाली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून मदतीचे पैसे येऊ लागले.

७ एप्रिल १८८३ रोजी सिटी ऑफ कलकत्ता या बोटीने त्या निघाल्या. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या. ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोचल्या तेव्हा कार्पेंटर मावशी घ्यायला आल्या होत्या. तोपर्यंत कॉलेजात प्रवेश मिळालेला नव्हता, हे विसरू नका. घर, नवरा, देश मागे टाकून आल्यावर मग अर्ज!

रोझेलला मावशींच्या घरी राहून आनंदीबाईंनी २८ जून १८८३ रोजी कॉलेजच्या कार्यकारी समितीचे चिटणीस आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिले. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मांडले. पण आप्तेष्ट आणि जात यांचा विरोध असताना ज्या निश्चयाने आपण इथवर आलो, तो निश्चय पुढच्या अभ्यासातही उपयोगी पडेल, असे सांगितले. आपल्या देशातल्या बायका मरण पत्करतात पण पुरुष डॉक्टरकडून उपचार घेत नाहीत, त्यांच्यासाठी शिकायचे आहे, हा हेतू लिहिला. मार्कांचे प्रमाणपत्र जोडायला नव्हतेच. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली.

पुढची तीन वर्षे थोडक्यात सांगतो. फिलाडेल्फियाची थंडी, खोलीतल्या शेगडीचा धूर, म्हणजे एक तर धूर सोसा नाही तर गारठा. नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, पण साडी सोडली नाही आणि शाकाहारही सोडला नाही. शरीरशास्त्र, रसायन, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र असे विषय. प्रकृती ढासळत होती. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र, म्हणजे जिथून सुरुवात झाली तिथेच त्यांचे मन होते. समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाईही होत्या. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली याही डॉक्टर झाल्या.

आणि पुन्हा कोल्हापूर. १८८६ सालीच कोल्हापूर संस्थानच्या दिवाणांनी आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची प्रमुख म्हणून नेमणूक देऊ केली. त्यांनी ती स्वीकारली. हे हॉस्पिटल म्हणजे आजचे सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास. त्या रुजू झाल्या असत्या तर आपल्या पणज्या-खापरपणज्यांपैकी कोणी ना कोणी बैलगाडीतून त्यांच्याकडे गेली असती, असे सीपीआरवरून जाताना हटकून मनात येते.

१६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत. कोल्हापूरच्या त्या खुर्चीवर त्या कधी बसल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर बाकी होता.

समुद्र ओलांडला म्हणून नावे ठेवणाऱ्या समाजानेच त्यांचे परतल्यावर कौतुक केले आणि गेल्यावर हळहळही व्यक्त केली. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, कॅरोलाइन डॉल यांनी अमेरिकेत त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी त्यांची ओळख तिथल्या दगडावर कोरलेली आहे.