धुळीला उजेडात आणणारे जॉन टिंडल

विज्ञान हा माझा विषय नव्हे. मी कला शाखेचा विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. पण थोरांची चरित्रे वाचायला शाखेचे बंधन नसते. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाचे चरित्र वाचले आणि हा माणूस मला आपल्यातलाच वाटला.

टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यातील एका खेड्यात झाला. वडील साधे पोलीस शिपाई. शाळा संपल्यावर १८३९ साली त्यांनी सरकारी भूमापन खात्यात नकाशे काढण्याची नोकरी धरली. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी तुटपुंज्या पगाराविरुद्ध आवाज उठवला आणि १८४३ मध्ये ती नोकरी गेली. मग रेल्वेच्या मोजणीची कामे केली, शाळेत शिकवले आणि साठवलेल्या पैशांवर १८४८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते जर्मनीत मारबुर्गला शिकायला गेले. १८५३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले.

पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषून घेतात, हे १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन स्त्रीने प्रयोगाने दाखवले होते. टिंडल यांनी १८५९ पासून स्वतंत्रपणे असे प्रयोग केले आणि वायू नेमकी किती उष्णता अडवतात ते मोजले.

मला मात्र त्यांचा धुळीचा प्रयोग अधिक भावला. अंधारात प्रकाशाचा झोत सोडला की त्याची वाट दिसते, ती हवेतल्या कणांमुळे. हवेतील धूळ काढून टाकली, तर झोत असूनही त्याची वाट काळीकुट्ट दिसते. जी हवा आपण स्वच्छ समजतो ती कणांनी भरलेली असते, हे त्यांनी लोकांना डोळ्यांनी दाखवले. त्यातूनच आगीच्या बंबावरील जवानांसाठी कापूस, ग्लिसरीन व कोळसा वापरलेला श्वसनाचा मुखवटा त्यांनी १८७१ च्या सुमारास तयार केला. दाट धुक्यात जहाजांना सावध करणाऱ्या भोंग्यांचीही त्यांनी परीक्षा घेतली.

माझे वडील खडी क्रशरवर काम करतात. संध्याकाळी घरी येतात तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असतात आणि रात्री खोकला उठतो. भुवयांवरची धूळ सर्वांना दिसते. छातीत गेलेली कोणालाच दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याची दाद मागता येत नाही. म्हणून हा प्रयोग मला शोभेचा वाटला नाही.

४ डिसेंबर १८९३ रोजी पत्नीच्या हातून चुकून औषधाचा जादा डोस दिला गेला आणि टिंडल यांचा मृत्यू झाला. १९६० मध्ये लेसर किरण निर्माण झाला आणि थोड्याच वर्षांत लायडर हे उपकरण आले. लेसरचा क्षणभराचा झोत आकाशात सोडायचा, कणांवरून परतणारा प्रकाश पकडायचा आणि त्याला लागलेल्या वेळेवरून कण किती दूर आहेत ते ठरवायचे. धूर, ज्वालामुखीची राख, धुके यांचा असा माग दुरूनच लागतो. आपल्या पुण्यातील उष्णदेशीय हवामान संस्थेतही लायडरने हवेतील कणांचा अभ्यास झाला आहे.

मित्रहो, यंत्र नवे असले तरी त्यामागची दृष्टी जुनी आहे. आकाशातील धूळ मोजता येते, तर क्रशरवरची का मोजू नये? पगारासाठी नोकरी पणाला लावणाऱ्या त्या शिपायाच्या मुलाने हा प्रश्न नक्कीच विचारला असता. आपणही तो विचारायला शिकूया.